दोन हातांची कानटोपी

क्रोशाचे सगळे विणकाम शेवटच्या एका टाक्यावर उभे असते. तो निसटला की दोरा ओढावा तितके उसवत जाते. दवाखान्यात निघताना पत्नीने माझ्या अर्ध्या कानटोपीच्या त्या टाक्यात सेफ्टीपिन अडकवून ठेवली. परत येणार नाही असे वाटले असते, तर तिने गाठ मारून दोरा कापला असता. ती गेल्यावर दोन महिने मी ती पिन नुसती पाहत होतो.

मग एके दिवशी तिची धाकटी बहीण आली. टोपी हातात घेऊन तिने दोन ओळी विणल्या आणि थांबली.

"भावोजी, ताईचा हात घट्ट, माझा सैल. सगळं उसवून पहिल्यापासून विणू का? एकसारखी होईल."

"नको. आहे तिथून पुढे विण."

"ध्यान दिसेल. लोक हसतील ते मला, ताईला नाही."

"हसू देत."

माणसाचा हात अक्षरासारखा वेगळा असतो, हे मला तेव्हा कळले. अक्षर निदान कागदावर राहते. हे एका ओढीत गेले असते.

आता सकाळी फिरायला जाताना मी ती टोपी घालतो. पत्नीने विणलेला भाग माथ्यावर घट्ट बसतो. खाली कानांपाशी, तिचा हात संपतो तिथून, गार वारा आत येतो.