विचारलंच नाही

चोंढी नाक्यावर दिनानाथ म्हात्रेंचा टायपिंगचा क्लास आहे. बावीस वर्षांत त्यांनी आसपासच्या गावांतली शेकडो पोरं परीक्षेला बसवली. नाक्यावरचा चहावालाही त्यांना सर म्हणतो. त्यांचा बाप मिठागरावर राबला, पायांना भेगा पडून पडून म्हातारा शेवटी चवड्यांवर चालायचा. त्या घरातून टाइपरायटरपर्यंत पोचलेला हा पहिला माणूस. त्याला आपल्या दहा बोटांचा अभिमान होता आणि तो असावाच. पण अभिमान एकटा येत नाही, हट्टाला बरोबर घेऊन येतो.

सरांचा हट्ट कीबोर्डचा. कीबोर्ड साधा हवा, सपाट, बटण दाबलं की खाडकन वाजणारा. मनगट टेबलाला टेकलं की पट्टी बसलीच म्हणून समजा. माउस उजव्या हाताच्या पालथ्या पंजाखाली, इकडेतिकडे नाही. दुकानात मधून दुभंगलेले, मनगटाखाली उशी असलेले कीबोर्ड आले तेव्हा सर म्हणाले होते, "बोटांना काय आता पलंग पायजे?" वर्ग खो खो हसला. वर्गाचं काय, सर हसले की तो हसतो.

दोन वर्षांपूर्वी थळच्या कोळीवाड्यातली जागृती क्लासला आली. लहानपणी होडीवरून पडून तिचा उजवा हात मोडला होता. गावच्या वैद्यानं बांधला, हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. पंजा पालथा पडायचाच नाही, कुणाशी हात मिळवायला पुढे करावा तसा उभा राहायचा. साध्या कीबोर्डवर मिनिटाला सतरा-अठरा शब्दांवरच तिचं मनगट भरून यायचं. मराठीची परीक्षा मिनिटाला तीस शब्दांची. मग तिच्या भावानं, धनेशनं, बेलापूरच्या आपल्या ऑफिसात टाकाऊ काढलेला एक कीबोर्ड आणून दिला. दोन भागांत उघडणारा, मध्ये उंच, बाहेरच्या बाजूंना उतरता. सोबत उभा धरायचा माउस. दहा दिवसांत जागृती चौतीस शब्दांवर गेली.

सरांनी तो आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. तरी म्हणाले, "ह्या खेळण्याची सवय लागायच्या आत सोड. परीक्षेला ते चालत न्हाय. केंद्रावर सगळ्यांना सारखाच कीबोर्ड, नियम हाय." वर्ग हसला. जागृती पंधरा दिवस साध्या कीबोर्डशी झगडली आणि सोळाव्या दिवसापासून यायची बंद झाली.

महिन्याभरानं तिची आई ठमाबाई क्लासच्या दारात उभी. सरांना वाटलं, भांडायला आली असणार. पण तिनं सुक्या बोंबलांची पिशवी पुढे केली. "तुमी खरा तेच बोल्लाव, सर. पोरीला खोटी आशा न्हाय लावली." त्यानंतर दर होळीला बोंबील येत राहिले आणि सर ते चवीनं खात राहिले.

यंदा क्लासला अमिषा आली. नाक्यावरच्या वाहतूक ठेकेदाराची सून. त्यांचे अकरा ट्रेलर, आणि क्लासची जागाही त्यांचीच. बाळंतपणानंतर तिचं मनगट दुखायला लागलं होतं, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानं तिनं मुंबईहून कीबोर्ड मागवला होता. तसाच, दोन भागांचा. तसाच उभा माउस. फक्त कोरा करकरीत.

"अरे वा!" सर म्हणाले. "एर्गोनॉमिक! छान केलंत. मनगटाला जपायलाच हवं."

खेळणं हा शब्द त्या दिवशी त्यांच्या जिभेवर आला नाही. जिभेलाही माणसं कळतात.

"परीक्षेला चालेल ना पण, सर?" अमिषानं विचारलं.

"विचारतो की. त्यात काय!" सरांनी तिच्यासमोरच परीक्षा केंद्रावर फोन लावला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "अर्ज द्या, डॉक्टरांचा दाखला जोडा. कीबोर्ड आमच्या मशीनला लावून देऊ. चार वर्षं देतोय आम्ही. पण कोणी विचारतच नाही हो!"

अमिषा खूश होऊन गेली. सर मात्र फोन हातात धरून तसेच बसले. चार वर्षं. जागृतीला येऊन गेल्याला दोन.

दुपारी क्लास रिकामा झाल्यावर ते अमिषाच्या मशीनपुढे बसले. आपलं म्हणणं निदान थोडं तरी खरं निघावं, एवढीच आशा. हात ठेवले, तर मनगटं आपोआप सरळ झाली आणि खांदे खाली उतरले. आपले खांदे बावीस वर्षं कानांकडे चढलेले होते हे त्यांना आज कळलं. सुख वाटलं, आणि त्या सुखाचीच त्यांना लाज वाटली. तो नियम त्यांनी कुठे वाचला नव्हता, कुणाकडून ऐकलाही नव्हता. स्वतःची आवड त्यांनी सरकारच्या नावावर खपवली होती. ठेकेदाराच्या सुनेसाठी हात आपसूक फोनकडे गेला, कोळणीच्या पोरीसाठी तो हललाही नव्हता.

परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत शनिवारी संपत होती. गुरुवारी दुपारचा वर्ग बंद ठेवून सर फॉर्म घेऊन थळला जाणाऱ्या मिनीडोर रिक्षात बसले. वाटेत त्यांनी एक वाक्य घोटून घोटून तयार केलं: 'नियम बदललाय.' काय सोयीचं वाक्य! पोरीचं काम होईल, आणि सर सरच राहतील.

जागृती ओट्यावर कोळंबी सोलत होती. वाकड्या हातात कोळंबी धरायची, डाव्यानं साल काढायची. सरांना बघून ती धडपडत उठली. ठमाबाईनं खुर्ची पुसली, शेजारणीला हाक मारून सांगितलं, "जागृतीचे सर आयलेत गो!"

"जागृती, नियम बदललाय," सर म्हणाले. "आता तुझा कीबोर्ड चालतो. हा फॉर्म."

ठमाबाईनं हात जोडले. "बघ पोरी! दोन वर्षा झाली, तरी सरांनी ध्यानात ठेवला. देवमानूस हाय."

सरांना ते हात बघवेनात. कुणी चार शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या, हे सोसवेना. मान खाली घालून ते म्हणाले, "न्हाय ठमाबाय. नियम बदलला न्हाय. नियम नव्हताच. मी तवा कोणाला विचारलंच न्हाय."

ठमाबाईचे जोडलेले हात खाली आले.

"मग आता कसा कळला?" जागृतीनं विचारलं.

"दुसऱ्या एकीसाठी विचारलं."

"कोनासाठी?"

"ठेकेदारांच्या सुनेसाठी."

जागृती मागे वळली. आत जाऊन तिनं साबणानं हात धुतले, ओढणीला पुसत बाहेर आली आणि मोबाइल पुढे केला. "तो नंबर द्या."

"मी बोलतो ना त्यांच्याशी, माझी ओळख..."

"नको. फोन मीच करतंय."

सरांनी नंबर सांगितला. ती उभ्यानंच बोलली. "मॅडम, माझा हात जरा वाकडा हाय... हां, कीबोर्ड माझ्याकडंच हाय, माउस पण... दाखला मिलल, सरकारी दवाखान्यातना आणतंय... शनिवारपर्यंत? बरा. बरा, मॅडम." तिनं फोन कानापासून काढला आणि स्क्रीनकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर सरांना बरं वाटलं असतं.

"एक मिनिट चाळीस सेकंद," ती म्हणाली. मग तिनं सरांकडे बघितलं. "यवढाच व्हता, सर?"

"व्हय," सर म्हणाले.