गाडीतली सतरावी जागा

छापखान्यात तिला सगळे कारभारीण म्हणत. काम तिचं छापून आलेली पानं क्रमाने लावायचं, पण सहल निघाली की सूत्रं तिच्याच हाती. दर उन्हाळ्यात तीन तासांवरच्या गावात नाट्यमहोत्सव भरे, मोठ्या बागेत, झाडांखाली; छापखान्याची सहल तिथेच जाई. कुणाला गाडी लागते, कुणाचं कुणाशी पटत नाही, हे तिला तोंडपाठ होतं. नवरा म्हणे, स्वतःच्या लग्नातही ही एवढी धावली नव्हती.

यंदा गाडी सतरा जणांची ठरली. यादीत नावं सोळा होती आणि सतरावं कुणाचं, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. ते मामांचं. मामा म्हणजे छापील कागदांच्या घड्या घालायच्या मशीनवरचे सगळ्यात जुने कामगार. तीस वर्षं त्या खडखडाटात काढली आणि दोन्ही कान त्यालाच देऊन बसले. तिला कामाला लावलं, शिकवलं, तेही त्यांनीच.

गेल्या वर्षी ती त्यांच्या शेजारी बसून एकेक वाक्य त्यांच्या कानात सांगत होती. लोक हसून गप्प झाले की मामा एकटेच हसत, अगदी मनापासून. आणि ऐन रडायच्या प्रसंगी त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "कोण मेलं?" पुढच्या तीन रांगा वळल्या. मेलेल्या नटानेसुद्धा डोळे किलकिले केले. कारभारणीला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

म्हणून यंदा मामा विचारायला आले तेव्हा तिने नुसती हाताने खूण केली, गाडी भरली. तोंडाने खोटं बोलावं लागलं नाही, एवढीच मनाची समजूत. मामा मान डोलावून गेले आणि तिचं मन तिला खायला लागलं. गाडीवाल्याने फोनवर सहज विचारलं, सतरावं कोण, तरी तिला घाम फुटला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

सहलीला दोन दिवस उरले होते. जेवणाच्या सुट्टीत मशीनं थांबली, तसे मामा तिच्या टेबलापाशी आले. पिशवीतून त्यांनी एक पुस्तक काढलं. यंदाचंच नाटक, वाचनालयातून आणलेलं.

"जागा नाही ते कळलं गं," मामा म्हणाले. "पण आयत्या वेळी कुणी गळलंच, तर मला सांग. मी तीनदा वाचून ठेवलंय. यंदा कुणाला काही विचारणार नाही."

आता खरं सांगायलाच हवं होतं. लिहून देता आलं असतं, पण ते वाचून मामा मान वर करेपर्यंत समोर उभं राहायची तिची छाती नव्हती. ती हळूच पुटपुटली. मामांनी कानामागे हात धरला. ती जरा मोठ्याने बोलली. मामांनी कान आणखी पुढे केला. बहिऱ्या माणसापुढे गुन्हा कबूल करायचा तर तो गावभर करावा लागतो, हे तिला तेव्हा कळलं.

"गाडीत जागा होती, मामा! मी खोटं सांगितलं!"

सगळ्या खात्याचे घास हातात राहिले. मामांनी कानामागचा हात खाली घेतला.

"दमलीस का गं, गेल्या वर्षी सांगून सांगून?"

ही पळवाट सोपी होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"नाही, मामा. मला लाज वाटली. तुमची."

हे तिने ओरडूनच सांगितलं, अर्धं वाक्यही गिळलं नाही. मामांनी पुस्तक पुन्हा पिशवीत ठेवलं. बराच वेळ पिशवीचा बंद नीट करत राहिले.

"यंदा काही सांगू नकोस," ते म्हणाले. "नुसती शेजारी बस."

तिने यादी पुढे ओढली आणि सोळा नावांखाली मामांचं नाव लिहिलं.