मे महिन्यात भिजून आलेला सुधाकर

आधी एक सांगून टाकते. भूत, करणी, अंगात येणं यातलं काहीही मी मानत नाही. आमच्या घरातच मानत नाहीत. मनगटाला गंडा बांधून आलेल्या पाहुण्याला माझ्या सासऱ्यांनी चहा पाजला, गप्पा मारल्या आणि जाताना कात्री आणून तो गंडा कापला, असं आमचं घर. मी आजही मानत नाही. पण जे झालं ते झालं... आणि ते दुसऱ्या कुणी सांगितलं तर त्याचं भलतंच काही होईल, म्हणून मीच लिहिते. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा आवाज घशातच राहतो. लिहिताना तसं होत नाही.

आम्ही विक्रोळी पश्चिमेला, डोंगरावर राहतो. रिक्षा जिथे थांबते तिथून पायऱ्या सुरू होतात. वरच्या नळाच्या अलीकडे डाव्या हाताला आमचं घर. एक खोली, पोटमाळा, दारात ओटा, ओट्यावर पत्रा. मी घाटकोपरला एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटते. दुपारी घरी येते, संध्याकाळी परत जाते.

माझं माहेर चंद्रपूरकडचं, कोळशाच्या पट्ट्यातलं. धाकटा भाऊ सुधाकर तिथल्या एका जमिनीखालच्या खाणीत ठेकेदाराकडे कामाला होता. खाणीचं नाव लिहीत नाही, चौकशी अजून चालू आहे.

मे महिन्यात एका सकाळी त्याच्या बायकोचा, रेखाचा फोन आला.

"ताई, खाणीत पाणी घुसलं. हे खालीच आहेत."

मला आधी कळेचना. पाऊस नाही, नदी आटलेली, मग पाणी कुठलं? नंतर समजलं. यांच्या खाणीला लागून एक जुनी, बंद पडलेली खाण होती. तिच्यात वर्षानुवर्षं पाणी साठलं होतं. दोन्हींच्या मधे कोळशाची जी भिंत राखायची असते ती कोरत कोरत पातळ झाली आणि फुटली. आत नऊ माणसं होती.

आमचे मिस्टर कुर्ला टर्मिनसवरून सुटणाऱ्या गाडीच्या तिकिटामागे लागले. तोवर आमच्या खालच्या बुद्धविहारात चंद्रपूरकडून इकडे आलेली सगळी घरं रोज जमायला लागली. मोबाइलवर बातम्या बघायच्या, तिकडे फोन करायचे आणि भांडायचं.

"पंप किती लावलेत? दोन! एवढ्या पाण्याला दोन पंप म्हणजे चमच्याने टाकी उपसणं झालं."

"पाणबुडे मागवा म्हणावं नौदलाचे."

"त्या काळोखात पाणबुड्याला काय दिसणार रे? डोकं वापर जरा."

"आधी त्या मॅनेजरला आत टाका."

"आत म्हणजे खाणीत की जेलमध्ये?"

"कुठे पण टाका!"

आमचे मिस्टर म्हणाले, "दोषी कोण ते नंतर बघू. आधी माणसं बाहेर येऊ देत."

त्यावर एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "नंतर कधीच येत नसतं, बाबा. माणसं बाहेर आली की लोक घरी जातात आणि साहेब लोक सुटतात."

दोघांचंही मला पटत होतं. मी भिंतीला टेकून ऐकत होते.

तिकडे खाणीच्या फाटकावर बायका ठाण मांडून बसल्या होत्या. खाणीच्या मोठ्या तोंडातून पाणी उपसायचं, सगळ्यात खालचा भाग रिकामा करायचा, मग माणसं शोधायची, असं अधिकाऱ्यांचं चाललं होतं. त्याला किती दिवस लागतील हे कुणी सांगेना. आत कुणी जिवंत नसेल असंही हळू आवाजात बोललं जात होतं.

अशाच एका दुपारी मी केंद्रातून घरी आले. मिस्टर तिकिटासाठी बाहेर गेलेले. दार उघडं टाकून मी उंबऱ्याच्या आत गवार निवडायला बसले. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं.

ओट्यावरच्या पत्र्यावर ठक्‌ असा आवाज झाला. मग परत, थोडा पलीकडे... ठक्‌.

हा आवाज माझ्या ओळखीचा होता. सुधाकर खाणीत लागल्यापासून त्याला एक सवय होती. कुठेही बसायच्या आधी हातातल्या काठीने डोक्यावरचं छत ठोकून बघायचं. आतलं छत पक्कं आहे की पोकळ, हे खाणीत आवाजावरून ओळखतात म्हणे. लग्नाच्या मांडवातसुद्धा त्याने खुर्चीत बसण्याआधी वरचा बांबू ठोकला होता. सगळे हसलेले.

मी मान वर केली. ओट्यावर सुधाकर उभा होता. छातीपर्यंत ओलाचिंब, कमरेला जाड पट्टा, हातात काठी, आणि पँटमधून काळं पाणी निथळत होतं.

मला भीती वाटली नाही हे खरं सांगते. तो शाळेतून आल्यासारखं मी म्हटलं, "अरे, सुटलास होय?"

तो वर पत्र्याकडे बघत होता. म्हणाला, "ताई, इथं डोक्स्यावर मुळं लोंबून राह्यली. झाडाचीच होय ना?"

मी म्हटलं, "बस, पाणी देते." आत गेले, माठातून तांब्या भरला, बाहेर आले. ओट्यावर कुणी नव्हतं. फरशी ओली होती.

तेवढ्यात वरच्या घरातल्या मालन वहिनी पिशवी घेऊन पायऱ्या चढत आल्या. त्या मालवणच्या. धापा टाकत मला विचारतात, "गो, तुझो पावणो खंय गेलो? आता हय उभो होतो ना? सगळो भिजलेलो... माका वाट देवक पण सरलो नाय."

मालन वहिनींनी सुधाकरला कधी बघितलेलं नाही. तो मुंबईला एकदाही आलेला नाही. मी कसंबसं विचारलं, "कसा होता?"

"कसो म्हणजे? कमरेक पट्टो, हातात काठी. गटारात पडलो की काय?"

मी खूप विचार केला आहे यावर. माझी झोप झाली नव्हती, ऊन होतं, डोक्यात तोच विषय होता. मला भास झाला असेल, कबूल. पण मालन वहिनी तर बाजारातून कोलंबी घेऊन येत होत्या! त्यांना का भास व्हावा?

मिस्टर आले. मी ओटा दाखवला. उन्हाने फरशी वाळली होती, पण काळपट डाग राहिला होता. त्यांनी फडकं घेतलं आणि डाग पुसून टाकला.

"कुणाला सांगू नकोस. आपल्यात असलं चालत नाही."

"अहो, मला तरी कुठे चालतं? पण तो मुळं म्हणाला."

ते फडकं पिळता पिळता थांबले. "मुळं? जमिनीखाली?"

"डोक्यावर लोंबतात म्हणाला."

त्यांनी फडकं दोरीवर टाकलं. मग म्हणाले, "माझा काडीचा विश्वास नाही. पण रेखाला फोन लाव. फोनला काय जातंय?"

फाटकावर एवढा गोंगाट होता की रेखाने फोन मोठ्या आवाजावर टाकला. म्हणजे तिथल्या सगळ्या बायकांनी ऐकलं. एवढ्या जणींसमोर बोलायचं होतं, तरी मी बोलले. खाणीत कुठे छतातून झाडाची मुळं खाली आली आहेत का, एवढं कुणाला तरी विचार.

"ताई, काय बोलून राह्यल्या तुम्ही?" रेखा रडायला लागली.

पण मागून कुणी पुरुष बोलला ते मला ऐकू आलं. खाणीच्या चढाच्या बाजूला, म्हणजे आतला रस्ता वर चढत जातो तिकडे, मोहाच्या झाडाजवळ, फार पूर्वी हवा जायला एक तिरकं भुयार होतं. जमिनीच्या अगदी जवळ येणारं. तिथे मुळं असतील.

मग तिथेही वाद झाला. नकाशात ते भुयार बुजवलेलं आहे, असं ऑफिसचं म्हणणं. बायका हटेनात. शेवटी बचाव पथकातला एक अधिकारी म्हणाला, "पंप चालूच राहू द्या. इकडे एक भोक पाडून बघू." मोहाजवळ भोक पाडलं, आत लोखंडी नळी सोडली. खालून कुणीतरी ती नळी ठोकली.

सहा जण जिवंत निघाले. पाणी आल्यावर ते चढाकडे पळाले होते. तिघं सगळ्यात खाली, भिंतीपाशीच काम करत होते.

आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा सुधाकर खाटेवर बसून सफरचंद खात होता. एकटा सापडल्यावर मी विचारलं, "आत असताना तुला माझी आठवण आली होती का रे?"

"तुही?" तो लाजला. "ताई, खोटं काहून बोलू? मले तर सारखी शेंगदाण्याची चटणीच दिसे."

"आणि मुळं?"

"मुळं होती ना. ओली होती. चाटली आम्ही."

यापलीकडे त्याला काही आठवत नाही.

माझ्या फोनची गोष्ट मात्र फाटकावरून गावभर झाली होती. दुसऱ्या दिवशी कंपनीचा एक अधिकारी दवाखान्यात आला. गोड बोलणारा, सोबत कॅमेरावाला. मला म्हणाला, "ताई, हा दैवी संकेतच! त्या मोहाखाली आम्ही मंदिर बांधणार आहोत. तुम्ही फक्त दोन शब्द बोला."

तोवर सुधाकरने मला सगळं सांगितलं होतं. भिंत कितीतरी दिवस पाझरत होती. कामगारांनी ते ठेकेदाराच्या माणसाला दाखवलं. पुढे पाणी आहे का ते बघायला आधी लांब भोक मारून तपासायचं असतं, ते कुणी केलं नाही. तपासत बसू नका, काम चालू ठेवा, असं त्याने सांगितलं. आणि आता बाहेर बोललं जात होतं की पाणी देवाने आणलं आणि माणसंही देवानेच काढली.

मी "विचार करते" म्हणून बाकावर जाऊन बसले. शेजारी एक बाई येऊन बसली. कमल, त्या तिघांपैकी एकाची बायको.

"जय भीम, ताई. तुमचा भाऊ तुमच्याकडे आलता म्हणतेत."

मी मान हलवली.

"माह्यावाला काहून नाही आला? मी तर फाटकावर जागीच होती." थोडं थांबून म्हणाली, "लोक म्हणतेत, ज्याचं पुण्य असते तो निघते. मंग त्याचं काय कमी पडलं?"

मी तिचा हात धरून बसले. पण तेवढ्यात माझं पक्कं ठरलं.

कॅमेरा सुरू झाला. मिस्टर दारात उभे होते. मी म्हटलं, "भिंत पाझरते असं माझ्या भावाने सांगितलं होतं. ते ऐकलं असतं तर नऊच्या नऊ माणसं पायांनी चालत घरी आली असती."

अधिकारी हसून म्हणाला, "ते चौकशीत येईल, ताई. तुम्ही तुमचा अनुभव सांगा."

"हाच माझा अनुभव आहे," मी म्हटलं.

कॅमेरावाल्याने साहेबांकडे बघितलं आणि कॅमेरा बंद केला. बाहेर आल्यावर मिस्टर म्हणाले, "बाई गं, काय खणखणीत बोललीस! विहारात हे ऐकवायला पाहिजे होतंस."

सुधाकरने चौकशीत जबाब दिला आहे, बाकीच्या पाचांनीही दिला. कमल प्रत्येक तारखेला जाते. मंदिराचं काम अजून सुरू झालेलं नाही.

त्या दुपारी आमच्या ओट्यावर कोण आलं होतं, ते मला आजही सांगता येत नाही. मालन वहिनींना विचारलं तर त्या अजून तेच सांगतात, एक शब्द इकडचा तिकडे नाही. कुणाला यातलं कळत असेल त्याने जरूर सांगावं, मी ऐकेन. पण कमलच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला कुणी जाणता लागत नाही. तिचा नवरा कुणाकडे येऊ शकला नाही, कारण त्याला पळायलासुद्धा वेळ मिळाला नाही. भिंत तपासली असती तर तो वेळ त्याला मिळाला असता. तपासू नका, काम चालू ठेवा असं ज्याने सांगितलं, तो माणूस जिवंत आहे, त्याला नाव आहे, आणि ते चौकशीत सहा जणांनी सांगितलं आहे.