दोन कंपन्या शेजारी ठेवणाऱ्या परब टीचर

गोव्यात डिचोलीच्या ज्या उच्च माध्यमिक विद्यालयात मी संगणक शिकवायचो, तिथेच नलिनी परब टीचर वाणिज्य शिकवत. सुरुवातीला आमची ओळख नमस्कारापुरतीच होती. एकदा मधल्या सुट्टीत त्या संगणक कक्षाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "दोन कंपन्या पडद्यावर शेजारी शेजारी दिसतील, असं काही करता येतं का हो? मुलं एकेकीचा नफा पाठ करतात. तुलना करा म्हटलं की गप्प!"

मी वर्गापुरतं काहीतरी करून दिलं. त्याचं 'ताळा' नावाचं ॲप झालं ते टीचर निवृत्त झाल्यावर. खाणी बंद पडल्या होत्या. टीचरांचे यजमान दत्तारामभाऊ यांचं डिचोलीत खनिजाच्या ट्रकांचं गॅरेज होतं, तेही थंडावलं. ट्रक विकून हाती आलेले पैसे घेऊन माणसं तिथे बसत आणि कुणीतरी सांगितलं म्हणून अमुक शेअर घ्यायचं ठरवून उठत. ते ऐकून टीचर अस्वस्थ झाल्या आणि त्यांनी मला पुन्हा बोलावून घेतलं.

'ताळा' फोनवर चालतो. दोन कंपन्यांची नावं घातली की शेअरचा भाव कमाईच्या किती पट आहे, कर्ज किती, लावलेल्या भांडवलावर काय सुटतं, लाभांश किती, हे सगळं समोरासमोर येतं, तेही साध्या मराठीत. त्या मराठीचं श्रेय दत्तारामभाऊंना. टीचर मजकूर वाचून दाखवत. भाऊ मध्येच म्हणत, "हो शब्द माका कळना गो." टीचर कधी कधी वैतागत, पण शब्द मात्र बदलत. एकेका ओळीवरून त्या दोघांचं कडाक्याचं भांडण मी ऐकलं आहे. तितकं सुखी घर मी दुसरं पाहिलं नाही.

पुढे बाहेरगावचे दोघे गृहस्थ 'ताळा' मागायला आले. रक्कम चांगली देत होते. अट एवढीच, की त्यांना हव्या त्या कंपन्यांपुढे 'घ्या' अशी हिरवी खूण दिसावी. टीचरांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "शेजारी ठेवायचं काम माझं. निवडायचं काम ज्याचे पैसे त्याचं." गॅरेज तेव्हा विकायला काढलेलं होतं, हे मला ठाऊक होतं. टीचरांनी त्याचा उल्लेखही केला नाही.

मग दत्तारामभाऊ गेले. टीचर कोरगावच्या घरी एकट्या राहू लागल्या. मुलगी ऑस्ट्रेलियात, ती रोज बोलते, पण बोलणं संपलं की घर आणखीच शांत होतं. टीचरांनी 'ताळा' बंद केला. मी समजवायला गेलो, तेव्हा अंगणातल्या काजूच्या झाडाकडे बघत म्हणाल्या, "लिहीन हो. पण वाचून कुणाला दाखवू?" मी परत आलो.

'ताळा' पुन्हा सुरू झाला तो कारापूरच्या मंगलाताईंमुळे. त्यांचं लहानसं दुकान आहे. पत्ता विचारत, बस बदलत त्या कोरगावला पोचल्या. मी योगायोगाने तिथेच होतो. "टीचर, तुमचो ताळो चलना. म्हजो भाव म्हणता, सगळे पैशे एकाच कंपनीत घाल. बरी काय वायट, तें मी कोणाक विचारू?"

टीचर चष्मा शोधायला आत गेल्या. दुपारभर त्या दोघी दोन कंपन्या समोर ठेवून बसल्या. मंगलाताई प्रत्येक ओळीला अडत होत्या, टीचर सांगत होत्या. शेवटी मंगलाताई म्हणाल्या, "हिच्यार कर्ज खूप. भावाक ना म्हणून सांगतां." टीचरांनी होकार दिला नाही की नकार. पण मंगलाताई निघाल्यावर मला म्हणाल्या, "उद्या जरा येता का? पुष्कळ जुनं झालंय सगळं."

आता रविवारी त्यांच्या ओसरीवर माणसं जमतात. पेडण्याहून, डिचोलीहून, औद्योगिक वसाहतीत कामाला असलेले बेळगावकडचेही येतात. टीचर सर्वांना शिकवतात, कुणालाही उपाशी पाठवत नाहीत. मात्र संध्याकाळी निरोप द्यायला फाटकापाशी येऊन उभ्या राहतात, तेव्हा त्यांच्याकडे वळून पाहणं मला जमत नाही. त्यांचं एकटेपण आम्ही दूर केलं, असं या गौरवग्रंथात लिहिलं तर ते खोटं ठरेल.

अमृतमहोत्सवानिमित्त सभागृह घ्यावं, शाल-श्रीफळ द्यावं, असं आम्ही ठरवत होतो. टीचरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "सभागृह कशाला? घरीच या. पण जेवून, राहून जा. सकाळी घरात माणसांचा आवाज ऐकायचा आहे."

टीचर, आपल्याला निरामय दीर्घायुष्य लाभो, दृष्टी आणि वाणी अशीच तल्लख राहो. आम्ही सगळे येतो आहोत. अंथरूण-पांघरूण आमचं आम्ही घेऊन येऊ.