म्हैस थांबली तर थांबायचं

आमच्या वस्तीत कुणी नवीन जनावर विकत आणलं, की त्याची परीक्षा व्हायची. अहो, खरीखुरी परीक्षा! गावाची ढोरं चारणारी माय सरकीच्या ढेपेचं घमेलं लाकडी फाटकामागे ठेवायची, फाटकाला दोरीचा फासा लावायची आणि लांब धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जाऊन बसायची. जनावर धडका मारतं, नुसतं हंबरतं, की फासा हुंगून पाहतं, हे तीन दिवस बघायची. मगच ते आखरावर, म्हणजे सकाळी गावाबाहेर सगळी ढोरं जमतात तिथं, आणायची परवानगी मिळे. म्हणून ती परीक्षावाली माय. खरं नाव तिच्या रेशनकार्डालाच ठाऊक. ही माय एका सोमवारी माझ्या हातून मरणार होती. तेच सांगायला बसलोय, पण आधी ती कशी होती ते कळायला हवं.

जनावरांच्या अकलेचे तिचे नंबर ठरलेले होते. बकरीबद्दल म्हणायची, "हुशार हाय, पन सारी अक्कल पोटात. दोरी सोडन, खाईन, अन् परत त्याच दोरीत पाय अडकवन." मांजराबद्दल, "त्याले सारं समजते, पन सांगत नाही. साहेब हाय थे." कोंबडीचं नाव काढलं की नुसता हात झटकायची. गाढवाला दुसरा नंबर, कारण एकदा पडलं त्या गड्ड्यात ते पुन्हा पडत नाही. "मानूस पडते," असं वर जोडायची आणि समोर जो असेल त्याच्याकडं बघायची. पहिला नंबर म्हशीला.

इथं माझं डोकं फिरायचं. माझा शेरू तिला दिसत नव्हता का? बस म्हटलं की बसणारा, हात दे म्हटलं की हात देणारा, वस्तीच्या त्या टोकाहून माझा आवाज ओळखून सुसाट येणारा कुत्रा! त्याला तिनं तिसरा नंबर दिला होता. मी आखरावर चारचौघांत त्याचे खेळ करून दाखवायचो. मायनं एकदा ते सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाली, "हे अक्कल नोहे गजू, हे माया हाय. तू म्हनलं तं थो हिरीत उडी घेईन. म्हैस घेईन का?" लोक खो खो हसले. मी चार दिवस तिच्याशी बोललो नाही. शेरूला त्याचं काय! तो रोज आमच्या म्हशीमागं तिच्या कळपात जायचा आणि संध्याकाळी तिच्या हातची अर्धी भाकर खाऊन यायचा.

तिची स्वतःची म्हैस भुरी. कळपात सगळ्यांत पुढं तीच. भुरी थांबली की कळप थांबायचा आणि मायही थांबायची. पाठीत काठी नाही, शिवी नाही. पोरं चिडवायची, "माय, तू ढोरं चारतं का ढोरं तुले चारतात?" ती म्हणायची, "बयताड हो, तिचे पाय रोज तीच जमीन पाह्यतात. काई बदललं असन तं तिले पयले समजते." एकदा भुरी नाल्याच्या काठावर तासभर अडून बसली. तिथं काही निघालं नाही. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी.

माझं वावर केनवडच्या रस्त्याला लागून. त्या वर्षी हरभरा असा आला होता की बघत राहावं, आणि डुकरांनी नांगरल्यासारखा उकरायला घेतला. जनावराला नुसता हिसका देणारी, जीव न घेणारी झटक्याची मशीन घ्यायची तर थांबायचा धीर नव्हता. मी वावराभोवती उघडी तार ओढली आणि विहिरीवरच्या पेटीतून सरळ विजेची लाईन सोडली. गुन्हा आहे, माहीत होतं. अजून दोघंतिघं करतात, हेही माहीत होतं, आणि तेवढं मला पुरलं. शेतीची लाईन आमच्याकडं एक आठवडा रात्री, एक आठवडा दिवसा. तो आठवडा रात्रीचा होता. पहाटे लाईन आपोआप जायची, तार मरायची. मी बटन बंद करायलाही जात नव्हतो. कशाला उगाच चिखल तुडवायचा?

सोमवारी सकाळी केनवडला चहाच्या टपरीवर बसलो होतो. शेजारचा माणूस पेला ठेवून उठला आणि म्हणाला, "चाल्लो भाऊ. आजपासून दिवसाची लाईन. येऊन राह्यली असन आतापर्यंत." मी चहा तसाच टाकून उठलो. बटन चालूच होतं. आणि ही वेळ मायची ढोरं माझ्या धुऱ्यावरून जायची.

गाडी कशी काढली, ठाऊक नाही. रस्त्यात तिला फोन लावावा, तर माय फोन वापरत नव्हती. आमच्या घरच्यांना लावला, कुणी उचलला नाही. मनात एकच हिशेब चालला होता: ती पाणवठ्यावर थांबली असेल तर वाचेल, थेट आली असेल तर संपलं. गजानन महाराजांना काय काय कबूल केलं, ते आता सांगायचीही लाज वाटते.

वळणावरून वावर दिसलं. पहाटे लाईन गेल्यावर डुकरांनी तार ओढून पाडली होती. ती धुऱ्यावरच्या पायवाटेत आडवी पडलेली, आणि पाइपाच्या गळतीनं तिथली सगळी जमीन ओली. तारेच्या अलीकडं मी, पलीकडं कळप. भुरी वाटेत आडवी उभी होती. पुढचे दोन्ही पाय रोवलेले, मान खाली, नाकातून फुरफुर. मागं वीस-बावीस ढोरं खोळंबलेली. आणि माय, अनवाणी माय, भुरीच्या बगलेतून वाट काढून पुढं येत होती. म्हशीला कशानं अडवलंय ते तिला दिसलं होतं. पडलेली तार बाजूला करावी म्हणून ती वाकायला लागली. भुरीनं मान फिरवून तिला मागं ढकललं. मायनं तिच्या तोंडावर थोपटलं आणि पुन्हा हात पुढं केला.

"माय! हात नोको लावू! करंट हाय!"

तिचा हात तिथंच थांबला. ती वाचली. पण माझा आवाज आणखी एकानं ओळखला. कळपामागून शेरू सुटला. मी "थांब! थांब रे!" म्हणून बोंबलत होतो, आणि जितका बोंबलत होतो तितका तो जोरात येत होता. तार ओलांडताना त्याचं पोट टेकलं. एकदाच किंचाळला.

मी विहिरीकडं धावलो, बटन पाडलं, फ्यूज उपटून फेकले. परत आलो तेव्हा माय जमिनीवर बसली होती. भुरी तिच्याजवळून हलली नव्हती. माय शेरूकडं बघत होती. तिनं विचारलं, "तार कोनाची?"

"माही," मी म्हणालो.

"गावात कोन सांगन? म्या का तू?"

संध्याकाळी आखरावर सगळ्यांसमोर मी सांगितलं. खबर ऐकून लेकीच्या गावाहून आलेल्या मायच्या जावयानं माझ्या कानफटात मारली, आणि ती मला कमीच वाटली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन वावरांच्या तारा गुपचूप निघाल्या.

मायनं मात्र ढोरं चारणं सोडलं. लोकांनी हातापाया पडून पाहिलं. ती म्हणाली, "ढोराची अक्कल म्या परखून घेतली. मानसाची कशी परखू? तुमच्या वावरातून जाचं तं पाय उचलत नाही आता." पुढच्या आठवड्यात लेकीकडं, कामरगावला निघाली. पिकअपमध्ये मागं भुरीला चढवलं, पुढं माय बसली. मी तिचं बोचकं हातात दिलं आणि म्हणालो, "माय, मले माफ कर."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. "म्या तं जिती हाव बाबू," ती म्हणाली, "माह्यापाशी काय मांगतं? ज्याच्यापाशी मांगाची, थो तं मेल्यावरही तुह्याचकडं तोंड करून पडला होता."

गाडी निघाली. काचेतून तिचा पदर दिसत होता. एकदा तरी मागं वळून बघावं म्हणून हाक मारायला मी तोंड उघडलं, पण शेरू आठवला आणि मिटून घेतलं. आता घरात बायको, पोरं हसतात, पण मी कुणालाच लांबून हाक मारत नाही. उठतो, चालत जातो आणि जवळ जाऊन बोलतो.