पुसायचे नाही, कंस करायचा

विशाखाताई मेश्राम यांची आणि माझी ओळख एका गाठीमुळे झाली. मी मुलाकडे अमेरिकेत सांता क्लारा येथे राहावयास आलो, त्याला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. आपल्या मंडळाच्या रविवारच्या बैठकीसाठी वाचनालयाची खोली घेतली होती. बैठक संपल्यावर मंडळाच्या नियतकालिकाचे उरलेले अंक मी एका फडक्यात बांधीत होतो. पांढऱ्या केसांच्या एक बाई जवळ आल्या, गाठीकडे पाहून म्हणाल्या, "भाऊ, ही गाठ तलाठ्याच्या दप्तराची दिसते."

मी म्हणालो, "कोतवालाच्या हातची आहे. तलाठी ती सोडीत असत, बांधीत मी असे."

ताई हसल्या. त्यांचे वडीलही कोतवाल होते, असे त्यांनी सांगितले. परक्या देशात पहिल्याच महिन्यात आपले काम ओळखणारे माणूस भेटले, याचे मला बरे वाटले.

माझे शिक्षण इयत्ता चौथीपर्यंत झाले आहे. ताईंच्या या गौरवग्रंथात डॉक्टर, इंजिनिअर व प्राध्यापक लिहिणार आहेत. त्यांच्या पंक्तीत मी बसावे किंवा नाही याचा मी पुष्कळ विचार केला. परंतु ताईंनी माझ्या घरासाठी जे केले ते त्या स्वतः कोणास सांगणार नाहीत, म्हणून लिहीत आहे.

ताईंनी तीस वर्षे जमिनीच्या हक्कांचा शोध घेण्याचे काम केले. घर विकले जाण्यापूर्वी त्याची जुनी खरेदीखते काढायची, ते कोणाकडून कोणाकडे गेले हे पाहायचे आणि अहवाल द्यायचा, असे ते काम. निवृत्तीनंतर त्यांनी त्याच कागदांतून दुसरा शोध सुरू केला. या देशाच्या जुन्या खरेदीखतांत माणसाचा वंश पाहून त्याला जमीन नाकारणाऱ्या अटी आहेत. त्या शोधून काढायच्या, घरमालकास दाखवायच्या आणि त्याच्या सहीने काउंटीच्या, म्हणजे येथील जिल्ह्याच्या, नोंदणी कार्यालयातून त्या रद्द झाल्याची नोंद करून घ्यायची, हे काम त्या विनावेतन करतात, आणि नोंद झालेल्या घरांची नावे मंडळाच्या अंकात छापतात.

मला वाटत असे की असले प्रकार आपल्याकडेच होते. ताईंनी मला वाचनालयाच्या त्याच खोलीत बसवून अनेक रविवारी हा इतिहास सांगितला. या कॅलिफोर्नियात शंभर वर्षांपूर्वी असा कायदा होता की, ज्यास नागरिक होण्याचा अधिकार नाही त्याने शेतजमीन विकत घ्यावयाची नाही. नागरिक कोणास होता येई, तर गोऱ्यास, आणि पुढे काळ्यास. जपानी, चिनी, कोरियन आणि आपल्या पंजाबातून आलेले शेतकरी, सर्व त्यातून वगळलेले. कायद्यात कोणत्याही देशाचे नाव घातले नव्हते, तरी तो कोणासाठी आहे हे सर्वांस कळत होते. प्रथम खंडाने थोडी वर्षे जमीन कसण्याची मुभा होती, पुढे तीही काढून घेतली. लोकांनी येथेच जन्मून नागरिक ठरलेल्या आपल्या मुलांच्या नावावर जमिनी घेतल्या, तर तेही बंद करण्याचा प्रयत्न झाला. शहरांत आणखी निराळी तऱ्हा. तेथे सरकारी कायद्याची गरजच पडली नाही. प्लॉट पाडणाऱ्यांनी खरेदीखतातच अट घातली की, गोऱ्यांवाचून कोणी येथे राहू नये. काळ्या लोकांस चांगल्या वस्तीत घर मिळाले नाही, म्हणून ते त्यांच्या मुलांस मिळाले नाही, आणि नातवंडांसही नाही. पुढे न्यायालयांनी या अटी निरुपयोगी ठरविल्या, कायदेही गेले. अटी मात्र कागदावर राहिल्या, आणि घर विकले की घराबरोबर पुढच्या मालकाकडे जात राहिल्या.

हे सारे ऐकून मी एकदा म्हणालो, "ताई, ऐकूनच थकायला होते."

"मी तर वाचून थकले भाऊ," ताई म्हणाल्या. "पण डोळे आहेत तोवर वाचायचं."

एके दिवशी ताई आमच्याकडे चहास आल्या. माझा मुलगा प्रशांत याने हे घर सहा वर्षांपूर्वी घेतले. ताईंनी खरेदीच्या कागदांचा गठ्ठा मागितला. त्यातील एका जुन्या कागदावर त्यांचे बोट थांबले. त्यांनी ती ओळ मला मराठीत वाचून दाखविली. घरकामास ठेवलेल्या नोकरांखेरीज, गोऱ्या वंशाबाहेरील कोणत्याही व्यक्तीने या जागेत राहू नये.

मी विचारले, "म्हणजे आम्ही येथे चालतो, पण भांडी घासण्यापुरते?"

"हो भाऊ. तेवढ्यापुरते."

ताईंनी घराची मूळ हद्दही वाचून दाखविली. आलुबुखाऱ्याच्या बागेतून पाडलेला प्लॉट, असा तेथे उल्लेख होता. आमच्या मागील अंगणात त्या बागेतील एक जुने झाड अजून उभे आहे.

ती ओळ रद्द व्हावी, असे मी त्याच क्षणी ठरविले. परंतु सही मालकाची लागते आणि मालक प्रशांत. तो तयार नव्हता. "पप्पा, ती लाइन लीगली व्हॉइड आहे. कोण वाचतं ते?" असे तो म्हणे. मी मागेच लागल्यावर त्याने खरे कारण सांगितले. "माझ्या टीममध्ये निम्मे पुण्याचे आहेत. मंडळाच्या अंकात आपल्या घराचं नाव छापून आलं की विचारतील, तुम्ही कोणत्या मंडळाचे, कुठले, कोण. मला ते सगळं इथे नकोय."

मी त्याला दोष दिला नाही. त्याने शाळेत जातीवरून काय काय ऐकून घेतले ते मला माहीत आहे. तरीही मी दोन महिने मागे लागलो आणि अखेर त्याने नोटरीसमोर सही केली. अंकात नाव छापणार नाही, असा शब्द ताईंनी आपण होऊन दिला.

यापुढे मी जी चूक केली ती येथे लिहिणे मला अवघड जाते. अर्जास जुन्या खताची प्रत जोडायची असते आणि त्यावर आक्षेपार्ह ओळ खोडून दाखवायची असते. ताईंनी मला बजावले होते, "पट्टीने एकच बारीक रेघ मारा भाऊ. अक्षरं वाचता आली पाहिजेत." मी हो म्हणालो. घरी येऊन मी ती ओळ पुन्हा पाहिली. मग नातीचा जाड काळा मार्कर घेतला आणि ओळ दिसेनाशी होईपर्यंत फिरविला. शाई मागील पानावर उतरली आणि तेथील हद्दीचा तपशीलही बुडाला. पाकीट मी तसेच बंद करून टपालात टाकले.

काही आठवड्यांनी अर्ज परत आला. खोडावयाचा मजकूर वाचता येत नाही, सबब पुन्हा नवीन अर्ज, नव्या सहीसह. प्रशांतने ते पत्र टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "झालं ना पप्पा? आता मी परत सही करणार नाही."

माझी मान खाली गेली. पस्तीस वर्षे मी दप्तर वाहिले. सातबाऱ्यावरील नाव कधी पुसावयाचे नसते हे मला ताईंच्याही आधीपासून ठाऊक आहे. खातेदार मेला किंवा त्याने जमीन विकली, तर त्याच्या नावाला कंस करतात आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक लिहितात. नाव वाचता येते, हक्क तेवढा संपलेला असतो. एका तलाठ्याने रबर वापरले होते, तेव्हा मी मामलेदारांसमोर त्याच्याविरुद्ध जबाब दिला होता. आणि येथे मी स्वतः मार्कर चालविला.

ताईंना कळताच त्या दोन बसेस बदलून आल्या. गुडघ्यांमुळे त्यांनी गाडी चालविणे सोडले आहे. मी कबुलीजबाब देण्यापूर्वीच त्या प्रशांतला म्हणाल्या, "चूक माझी आहे. पाकीट बंद व्हायच्या आधी मी पाहायला हवं होतं." मला त्यांनी एका शब्दाने बोल लावला नाही. नवी प्रत मात्र पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. सही कर असे त्या म्हणाल्या नाहीत. दुसऱ्याच्या सहीसाठी आग्रह धरावयाचा नाही, हा त्यांचा नियम मी त्या दिवशी जवळून पाहिला.

मागील अंगणात शिडीवर केनसाहेब होते. हे आमचे शेजारी, वयाने माझ्याएवढे, जपानी वंशाचे. शेजारच्या घरामागील दोन खोल्यांत भाड्याने राहत. दर हिवाळ्यात ते आपली कात्री घेऊन येत आणि आमच्या आलुबुखाऱ्याची छाटणी करून जात. हा त्यांचा छंद असावा असे आम्ही समजत होतो. ताईंनी त्यांना चहास आत बोलाविले आणि तो कागद त्यांच्यापुढे सरकविला.

केनसाहेबांनी चष्मा लावून सर्व वाचले. मग ते बोलू लागले, आणि ताईंनी मला ते मराठीत सांगितले. ही बाग त्यांच्या आजोबांनी लावली होती, खंडाने. विकत घेण्यास कायद्याची मनाई. पुढे खंडही बंद झाला, तेव्हा आपणच लावलेल्या झाडांवर ते मजुरीने राबले. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाचे म्हणून सरकारने सारे कुटुंब छावणीत डांबले. केनसाहेबांचा जन्म तेथलाच. सुटून आले तेव्हा बागेचे प्लॉट पडलेले होते आणि त्यांवर ही ओळ चढलेली होती. त्यानंतरही घराण्यात कोणाची या खोऱ्यात जमीन झाली नाही.

प्रशांतने विचारले, "मग ही लाइन काढलेली तुम्हाला आवडेल ना?"

केनसाहेब म्हणाले, "तिचा अंमल काढा. ओळ ठेवा. आम्ही इथे का नाही, हे सांगणारा एवढा एकच कागद आहे."

"तसंच होतं," ताई म्हणाल्या. "जुनं पुस्तक जागेवर राहतं. नवा कागद फक्त सांगतो की हे आता चालत नाही."

प्रशांतने खिडकीतून झाडाकडे पाहिले. मग त्याने मला विचारले, "पप्पा, गावच्या सातबाऱ्यावर आपलं नाव आहे?"

"आहे," मी म्हणालो. "वतनाच्या जमिनीवर. माझ्या आजोबांचे, कंसात. अजून वाचता येते."

त्याने गाडीची किल्ली घेतली. "चला ताई, नोटरी पाचला बंद होतो." वाटेत तो ताईंना म्हणाला, "अंकात नाव छापलं तरी चालेल. पूर्ण छापा."

पट्टी ताईंनी धरली आणि रेघ मी मारली. बारीक, एकच.

शिक्क्याची प्रत येण्यास पुष्कळ दिवस लागले. तोवर भाडे परवडेना म्हणून केनसाहेब मुलीकडे, दूर आतल्या भागात राहावयास गेले होते. प्रत आम्ही त्यांना टपालाने पाठविली. कागद दुरुस्त झाला, जमीन गेली ती गेलीच. ताईंना हे माझ्याहून अधिक ठाऊक आहे, आणि तरी पुढच्या मंगळवारी त्या दुसऱ्या घराचे कागद घेऊन बसल्या. एक घर, एक ओळ, एक सही. अशी किती घरे उरली आहेत ते त्या मोजीत नाहीत. या हिवाळ्यात त्या आमच्याकडे आल्या, तेव्हा शिडीवर प्रशांत होता. केनसाहेबांनी कात्री त्याच्यापाशी ठेवली आहे. ताईंनी खालून सांगितले, "वरची फांदी राहिली बघ," आणि खुर्चीवर बसून गुडघे चोळू लागल्या.

ताईंना मी आशीर्वाद द्यावा एवढा मी वयाने मोठा आहे, आणि हात जोडावे एवढ्या त्या कामाने मोठ्या आहेत. मी दोन्ही करतो. त्यांचे डोळे शाबूत राहोत, गुडघे थोडे सुधारोत. माझ्या आयुष्यात मी असंख्य नावांना कंस पडताना पाहिले. विशाखाताई मेश्राम या नावाला तो पडण्यास अजून पुष्कळ वर्षे लागोत, आणि पाहावयास मी नसो.

— शिवराम तायडे, निवृत्त कोतवाल