पागनीस मॅडमचं एक खोटं

पागनीस मॅडम कुणाच्याही घरी गेल्या की पाणी प्यायच्या आधी त्या घरातली एखादी वस्तू अंगठ्याने दाबून बघायच्या. विजेचं बटण, गॅसची खुंटी, कुकरची मूठ, कपाटाची कडी, काहीही. पहिल्यांदा आमच्याकडे छत्रीबागेत आल्या तेव्हा त्यांनी माझ्या आईच्या पितळी डब्याचं झाकण उघडायचा दोनदा प्रयत्न केला आणि डबा समोर धरून मला विचारलं, "मोघे, हा बनवणाऱ्याला आई नव्हती का हो?" आईला वाटलं, बाईंना डब्यातला चिवडा हवा आहे. तिने बशी भरून आणली. मॅडमनी चिवडा मन लावून खाल्ला आणि पुन्हा झाकणाकडे वळल्या.

इंदूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात त्या शिकवायच्या आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन होतो. त्यांचा विषय एर्गोनॉमिक्स. हाताने जोडणीचं काम करणाऱ्या माणसाने दिवसभर किती जोर लावला तर त्याचं शरीर मोडणार नाही, ती हद्द शोधून काढायची, हे त्यांचं काम. कॉलेजातले बाकीचे प्राध्यापक चहा पिताना त्याला हमालशास्त्र म्हणायचे. मॅडमच्या कानावर ते जायचं, पण त्यांना त्याचं काही नव्हतं. टेबल उचलून निघालेला शिपाई दिसला की त्या भर व्हरांड्यात त्याला थांबवायच्या. "आत्ता झेपतंय हो, पण उद्या सकाळचं काय?" तो बिचारा टेबल हातात धरून उत्तर शोधत उभा राहायचा.

आकड्यांच्या बाबतीत मात्र बाई कर्दनकाळ. एका विद्यार्थ्याने आलेख जरा देखणा दिसावा म्हणून एक आकडा किंचित सरकवला, तर त्याला सगळा प्रयोग पहिल्यापासून करायला लावला. "आकड्याला सजवताय कशाला? तो काय घोडीवर बसून निघालाय?" काटा वाचताना माझाही डोळा चुकला की माझी धडगत नसे. मी मुळातच तापट. नोकरी सोडतो म्हणून मी त्यांना कितीदा तरी सांगितलं असेल. त्या वर न बघता म्हणायच्या, "सोडा. पण जायच्या आधी काटा तपासून जा."

त्या सुमाराला इंदूरच्या मिल एकामागून एक बंद पडत होत्या. आमच्या आसपासच्या गल्ल्यांतले लोक अजून पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे, आंघोळ करायचे आणि मग ओट्यावर बसून राहायचे. तिकडे गावाबाहेर, राऊच्या पुढे नवे कारखाने उभे राहत होते. नवं युग आल्याचं वर्तमानपत्रात रोज छापून यायचं. आमच्या गल्लीत शिरायला मात्र त्या युगाला सवड होत नव्हती.

त्यातल्याच एका कारखान्यात गाड्यांचे डॅशबोर्ड जोडले जायचे. वायरी धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपा अंगठ्याने भोकात दाबून बसवायच्या, टक् असा आवाज येईपर्यंत. क्लिप चांगलीच घट्ट होती. कारखान्याने मॅडमना विचारलं, कामगाराच्या अंगठ्याकडून दिवसभर किती जोर मागता येईल ते सांगा. हद्द क्लिपला लागणाऱ्या जोरापेक्षा खाली आली असती, तर त्यांना क्लिप दाबणारा, हाताने चालवायचा छोटा प्रेस बसवावा लागला असता. वर आली तर अंगठा पुरेसा होता.

असल्या प्रयोगाला कामाची सवय असलेले हात लागतात. ते आमच्या गल्लीत ओट्याओट्यावर रिकामे बसले होते. मी दहा-वीस जणांना सांगून आलो. ते आले ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. काहींच्या खिशात मिलचा जुना पास होता. सगळ्यांत पुढे गणपतराव जाधव, मिलच्या लूमवर उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. पणजोबा होळकरांच्या फौजेत होते, हे तो ओळख झाल्याझाल्या सांगायचा.

प्रयोग साधा होता. एक बटण, त्यामागे जोर मोजणारं यंत्र, आणि काटा आमच्या बाजूला. मॅडम प्रत्येकाला समजावून सांगायच्या, "ताकत नहीं देखनी है, भाईसाब. समझो कि सुबह से शाम तक यही करना है, और कल फिर आना है. उतना ही दबाओ कि कल सुबह हाथ न दुखे." सगळे मान डोलवायचे आणि दाबायचे. गणपतरावांच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. मॅडम म्हणाल्या, "अहो, इतकं दिवसभर होईल का?"

"दिवसभर काय मॅडमजी," तो हसला, "डबल पाळी करवून घ्या. अपने को कोई फरक नहीं पडता."

बाकीच्यांचंही तसंच. अनेक दिवस ते येत राहिले आणि आकडे एकसारखे आले, सगळे चढेच. मॅडम हरखून गेल्या होत्या. "मिलचे हात आहेत हो मोघे. किती तयार हात वाया चाललेत या गावात!" रिपोर्ट गेला. हद्द क्लिपच्या वर होती. कारखाना अंगठ्यांवर सुरू झाला.

काही महिन्यांनी गणपतराव पेढ्यांचा पुडा घेऊन प्रयोगशाळेत आला. त्याच्या मुलीला, संध्याला, त्याच कारखान्यात क्लिपांच्या लाइनवर काम लागलं होतं.

"माझं नाही लागलं तो नहीं लगा, मॅडमजी. मुलीचं तर लागलं," तो म्हणाला. "पण एक विचारू? आम्हा लोकांची भरती कुठे अटकली? सबसे ज्यादा दाब तो मेराच होता ना?"

मॅडमचा हात पेढ्यावरच थांबला. "कसली भरती?"

"वो टेस्ट होती ना. मशीनवाली." तो आता गोंधळला. "सगळे बोलत होते, जो ज्यादा दबाएगा वो लगेगा. आम्ही घरी विटा दाबून प्रॅक्टिस करायचो. अंगठा सुजायचा, तर बायको मीठ-पाण्याने शेकायची."

मॅडमनी हळूच विचारलं, "आणि संध्या कशी आहे?"

"नाजूक आहे हो पोरगी. घरी आली की अंगठा धरून रडते. कणीक मळवत नाही तिच्याने. मी तिला बोलतो, अरे, तेरे बाप ने इससे ज्यादा दबाया था, आणि हूं का चूं नाही केलं!"

तो अभिमानाने हसत होता. मॅडमनी पेढा तोंडात टाकला आणि त्याला दारापर्यंत पोचवलं. गणपतराव गेल्यावर त्या यंत्रासमोर स्टुलावर बसल्या आणि ओक्साबोक्शी रडल्या. एवढी कडक बाई रडताना बघायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. काय करावं सुचेना म्हणून मी खिडक्या पुसत राहिलो.

दुसऱ्याच दिवशी आम्ही राऊच्या पुढे त्या कारखान्यात गेलो. लाइनवर सगळ्या मुली होत्या. बहुतेकींच्या अंगठ्यांना जुन्या ओढण्यांच्या चिंध्या बांधलेल्या. त्यांतली संध्या मी मॅडमना दाखवली; मॅडम कोण, ते तिला ठाऊक नव्हतं. ती खाली मान घालून दाबत होती, टक्, टक्, आणि मधूनच हात झटकत होती. मॅनेजर फार सभ्य माणूस. त्याने चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, लोगों ने दिल लगाके दबाया, इसमें आपकी रिपोर्ट का क्या दोष? आंकड़ा तो सही है ना?"

आकडा बरोबर होता, तीच तर पंचाईत होती. मॅडमनी प्रयोग पुन्हा करायचं ठरवलं, पण करणार कुणावर? गल्लीत कुणालाही बसवलं असतं तरी त्याने नोकरीसाठीच दाबलं असतं. "मोघे, ज्याला नोकरी नको आहे असा एक हात आणा मला या गावातून," त्या म्हणाल्या. मी बँकेतले कारकून आणले, पेन्शनर आणले. त्यांनी अगदी प्रामाणिकपणे, हळूच दाबलं. हद्द कितीतरी खाली आली. मॅनेजर हसला. "यह तो बाबू लोगों का अंगूठा है, मॅडम."

मग एक दिवस प्रिन्सिपलच्या खोलीत बैठक झाली. मॅनेजर होता, मीही होतो. मॅडम उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "आमचं यंत्र बिघडलेलं होतं. काटा जास्त दाखवत होता. माझ्या लक्षात आलं नाही, चूक माझी आहे. तो रिपोर्ट मी मागे घेते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते यंत्र मी रोज सकाळ-संध्याकाळ वजनं लावून तपासत होतो. ते सोन्यासारखं चोख होतं, आणि हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. बाहेर आल्याआल्या मी भांडायला उभा राहिलो. एका आकड्यासाठी पोरांना रडवणाऱ्या तुम्ही, आणि आज भर बैठकीत खोटं? माझ्या यंत्राला नाव ठेवलंत? खरं सांगायचं होतं, लोकांनी भरती समजून दाबलं म्हणून!

"खरं सांगून बघितलं, त्यांना ते पुरलं नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि त्या बापाला काय सांगू? तुझ्या जोराने तुझ्या पोरीचा हात गेला म्हणून?" मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "यंत्राला मुलगी नसते हो, मोघे."

गणपतरावांनाही त्यांनी तेच सांगितलं. यंत्र खराब होतं, तुम्ही दाबलं त्यापेक्षा त्याने भलतंच जास्त दाखवलं.

पुढे काय झालं ते सांगायला मला अजून जड जातं. बिघडलेल्या यंत्राचा रिपोर्ट कारखान्याला ठेवता येईना. प्रेस आले. प्रेसला कमी मुली लागतात. पुष्कळ जणींना घरी पाठवलं, त्यांत संध्या होती. तिचा अंगठा तोवर कामातून गेला होता, तो पुन्हा पहिल्यासारखा वळला नाही. आणि मॅडमना त्यानंतर एकाही कारखान्याने काम दिलं नाही. ज्या बाईंना स्वतःचं यंत्र तपासता येत नाही त्यांच्याकडे कोण येणार? प्रयोगशाळेत जुनी बाकं येऊन पडली. निवृत्त होईपर्यंत त्या पहिल्या वर्षाच्या मुलांना ड्रॉइंग शिकवत राहिल्या. हमालशास्त्र म्हणून हसणारे आता त्यांच्याशी फार गोड बोलायचे, आणि ते मला जास्त झोंबायचं. त्या बैठकीबद्दल मॅडम पुन्हा कधी अक्षर बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. मनातला राग मात्र गेला नव्हता. एका खोट्यापायी बाईंनी जन्माचं काम मातीत घातलं आणि हाती काय लागलं, असंच मला वाटायचं.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी, थंडीत मॅडम गेल्या. स्मशानात माणसं थोडी होती. अग्नी दिल्यावर मी नळावर हात धूत होतो, तेव्हा मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. गणपतराव होता. खूप वाकला होता.

"मोघे भिया," तो म्हणाला, "एक बात सच्ची-सच्ची बोलाल? तुम्ही मशीनचे माणूस."

"बोला ना."

"ती मशीन खरंच खराब होती?" त्याने विचारलं. "मॅडमजी बोलल्या म्हणून मी मानलं. पण इतके साल डोक्यातून जात नाही. संध्या पोळी लाटायला बसली की मी घराबाहेर निघून जातो. मला वाटतं, ते मीच केलं. हमने इतना दबाया, इसीलिए..."

मी हात पुसले आणि त्याच्याकडे सरळ बघितलं.

"खराब होती, गणपतराव," मी म्हटलं. "साफ खराब होती. मी स्वतः उघडून बघितली होती. आतली स्प्रिंग गेलेली."

तो नळाशेजारच्या पायरीवर बसला, तोंड दोन्ही हातांत धरलं आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"म्हणजे मी नाही केलं," तो म्हणाला.

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही नाही केलं."